मॅडम, टांगेवाला आणि कैरोचे घोडे

इंग्रज माणूस परदेशी बिऱ्हाड करतो तेव्हा तिथे आधी क्लब उभा राहतो, मग चर्च, आणि थोड्याच वर्षांत जनावरांचा छळ थांबवणारी एखादी मंडळी. लंडनमध्ये १८२४ साली अशी पहिली मंडळी निघाली. तेव्हापासून ही सवय इंग्रजांबरोबर जगभर फिरली. मुंबईत आली, कैरोत आली. आज दुबईच्या किंवा मस्कतच्या फिरंगी वस्तीत संध्याकाळी चक्कर मारली तर कुठल्या ना कुठल्या भिंतीच्या आडोशाला पाण्याचे भांडे आणि मांजरांचा दाणा ठेवलेला दिसतोच.

आखातात राहणाऱ्या वाचक भगिनींच्या पत्रांत हा विषय अधूनमधून डोकावतो आणि त्याचा सूर बहुधा तक्रारीचा असतो. शेजारची मॅडम मांजरांची मोठी काळजी घेते, पण आपल्याकडे अशा नजरेने बघते की जणू मुसलमानाच्या घरी रहम म्हणून काही नसतेच. तिचा कुत्रा लिफ्टमध्ये शिरला आणि आपण बुरखा सावरून बाजूला झालो, तर तिच्या चेहऱ्यावर आठी पडते. आता कोकणातले आपण बहुतेक शाफई. कुत्र्याची लाळ लागली तर सात वेळा धुण्याचा आणि त्यातले एकदा मातीने धुण्याचा मसला घरातल्या लहान पोरालाही पाठ असतो. ती बाजू पाकीची झाली. जनावराशी वागण्याची बाजू वेगळी आहे, आणि तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजल्याबद्दल माफी मिळाल्याची हदीस त्याच पोराला तितकीच पाठ असते. पण हे सगळे चौथ्या मजल्यावरून तळमजल्यावर येईपर्यंत इंग्रजीत समजावून सांगणे कोणाला जमणार?

या तक्रारीवर आपल्या समाजात दोन उत्तरे तयार असतात. एक गट म्हणतो, ही सगळी फिरंग्यांची ढोंगे. माणसांवर राज्य केले आणि गाढवांसाठी रडले. दुसरा गट म्हणतो, आपलेच लोक निर्दय, बघा तो टांगेवाला घोड्याला कसा फोडून काढतो. आम्हाला दोन्ही उत्तरे आळशी वाटतात. ती का, हे सांगायला कैरोची गोष्ट उपयोगी पडेल. मिसरमध्ये इंग्रजी बोलणारी माणसे जवळजवळ दोनशे वर्षे वस्ती करून आहेत आणि तिथल्या जनावरांविषयी त्यांनी पुष्कळ लिहून ठेवले आहे, पुष्कळ कामही केले आहे.

सुरुवात एडवर्ड विल्यम लेनपासून करू. हा इंग्रज १८२५ साली कैरोला गेला, तिथलाच पोशाख घालून, मन्सूर एफेंदी हे नाव घेऊन मोहल्ल्यात राहिला. मिसरी लोकांच्या चालीरीतींवर त्याने लिहिलेले पुस्तक १८३६ मध्ये निघाले आणि आजही वाचले जाते. त्यात एक हकीकत आहे. सुलतान बैबर्स, म्हणजे तेराव्या शतकातला तो मशहूर ममलूक, याने कैरोच्या उत्तरेला एक बाग मांजरांसाठी वक्फ करून ठेवली होती. पुढे बाग हातची गेली, उत्पन्न नावापुरते उरले, तरी वक्फाचा शब्द काझींनी पाळला. लेनच्या काळातही रोज असरच्या सुमारास काझींच्या कचेरीच्या अंगणात टोपल्या भरून खाणे यायचे आणि शहरभरची मांजरे जमायची. ज्याला घरचे मांजर नकोसे झाले तो ते इथे आणून सोडत असे. म्हणजे आज दुबईत ज्याला अॅनिमल शेल्टर म्हणतात, त्याच जातीची सोय कैरोच्या काझींच्या अंगणात होती.

पण लेनच्या पुस्तकातले दुसरे एक वाक्य आम्हाला जास्त महत्त्वाचे वाटते. तो म्हणतो की पहिल्या मुक्कामात मिसरी लोकांची मुक्या जनावरांवरची दया पाहून आपल्याला आनंद झाला होता. काही वर्षांनी परत आलो तर लोक बदललेले दिसले. याचे कारण काय असावे, यावर त्याचा तर्क असा की युरोपियन लोकांच्या वागण्याचा यात मोठा हात आहे. कारण जनावराला क्रूरपणे वागवल्याचे जे प्रकार त्याला दिसले ते अलेक्झांड्रिया, कैरो, थीब्ज अशा, फिरंग्यांची वस्ती किंवा सततची ये-जा असलेल्या ठिकाणीच दिसले. हे एका इंग्रजाने लिहिलेले आहे. आम्ही ते अंतिम सत्य मानत नाही, एका माणसाने पाहिलेले ते किती असणार! पण जनावरावरची दया फिरंग्यांनी पूर्वेकडे आणली असे समजणाऱ्यांनी ते वाचायला हवे.

कैरोत जनावरांच्या पाण्याचे जुने हौदही आहेत. हौद हा शब्द आपण अरबीतूनच घेतला. सुलतान कायतबेने पंधराव्या शतकात बांधलेला, कोरीव कमानींचा, खास जनावरांसाठीचा हौद अजून उभा आहे. वर नक्षी अशी की एखाद्या मदरशाच्या दर्शनी भागाला शोभावी, आणि पाणी प्यायला येणार कोण, तर ओझ्याची गाढवे आणि उंट.

आता मुख्य गोष्ट. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश फौजा मिसरमधून पॅलेस्टाइनवर चालून गेल्या. ती लढाई मोठ्या प्रमाणावर घोडदळाची होती. इंग्लंडमधून, ऑस्ट्रेलियातून घोडे आले. हिंदुस्थानातले रिसालेही तिथे लढले, त्यात दख्खनचे नाव लावणारा डेक्कन हॉर्सही होता. १९१८ मध्ये युद्ध संपले आणि हजारो घोड्यांचे करायचे काय, हा प्रश्न आला. जहाजाने परत न्यायचे तर भाडे परवडेना, शिवाय रोगराईची भीती. जे फार म्हातारे किंवा जायबंदी होते त्यांना गोळ्या घातल्या. बाकीचे मिसरच्या बाजारात विकून टाकले. सैन्याच्या हिशोबाची वही बंद झाली.

हे घोडे कोणी घेतले? ज्यांना तरणे, धडधाकट जनावर परवडत नव्हते अशा लोकांनी. दगड वाहणारे, भाड्याचा टांगा हाकणारे, विटा ओढणारे. थंड मुलखात, हिरव्या कुरणात वाढलेला उंचापुरा घोडा कैरोच्या उन्हात दगडाच्या गाडीला जुंपला गेला. त्याला रोज लागणारी चंदी एका गरीब कुटुंबाच्या भाकरीपेक्षा महाग. मग जेवढे मिळेल तेवढे तो खाणार, आणि कमाई नाही झाली तर दोघेही उपाशी, मालकही आणि घोडाही.

१९३० साली घोडदळातले एक अधिकारी जेफ्री ब्रुक यांची बदली कैरोला झाली आणि त्यांच्याबरोबर त्यांची पत्नी डोरोथी ब्रुक आल्या. वरच्या हुद्द्याच्या साहेबाची मॅडम. तिचा दिवस चहापानात आणि घोड्यांच्या शर्यतीत सहज गेला असता. या बाई मात्र घोड्यांच्या जाणकार होत्या, आणि लढाईतले जुने घोडे या शहरात कुठे तरी असलेच पाहिजेत हे त्यांच्या डोक्यात बसले होते. सरकारी घोड्याच्या अंगावर बाणाच्या आकाराचा डाग दिलेला असे. त्या डागावरून त्या गल्लीबोळांत शोध घेऊ लागल्या. सापडले ते घोडे वीस-बावीस वर्षांचे, कोणी आंधळे, कोणी लंगडे, अंगावर साजाच्या घासणीच्या जखमा, बरगड्या मोजून घ्याव्यात अशा. जो आठ वर्षांचा असताना दमास्कसच्या वाटेवर धावला होता तो आता विसाव्या वर्षी गल्लीत दगड ओढत होता.

१९३१ मध्ये त्यांनी लंडनच्या ‘मॉर्निंग पोस्ट’ या वर्तमानपत्राला पत्र लिहिले. आपल्या देशासाठी लढलेले घोडे मिसरमध्ये कोणत्या हालात आहेत ते सांगितले आणि मदत मागितली. पैसे आले. पुढच्या तीन-साडेतीन वर्षांत बाईंनी आणि त्यांच्या समितीने सुमारे पाच हजार घोडे विकत घेतले. बहुतेक इतके थकलेले होते की त्यांना थोडे दिवस पोटभर खाणे, जाड पेंढ्याचे अंथरूण आणि सावली देऊन मग वेदना न होऊ देता शेवट करणे एवढेच हातात होते. हा भाग आपल्यापैकी अनेकांना खटकेल, आम्हालाही वाचताना अडखळायला झाले. पण बाईंनी तो लपवला नाही, दानशूरांपासूनही नाही.

या कामातली आम्हाला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. ब्रुकबाईंनी घोडे जप्त करवले नाहीत, विकत घेतले. त्या काळी मिसरवर इंग्रजांचे वजन केवढे होते ते सांगायला नको. साहेबाच्या बाईने एक शिपाई पाठवला असता तर टांगेवाला घोडा सोडून पळाला असता. तसे केले असते तर घोडा सुटला असता आणि टांगेवाल्याची चूल विझली असती. आठवड्याच्या ठरलेल्या दिवशी मालक घोडे घेऊन यायचे, बाई एकेक जनावर पाहायच्या आणि त्याचे दाम मोजायच्या. आपल्या पत्रातही त्यांनी मालकांना राक्षस ठरवले नाही. ही माणसे इतकी गरीब आहेत की मिळेल त्या जनावराला जुंपण्यावाचून त्यांना गत्यंतर नाही, अशा अर्थाचे त्यांनी लिहिले. घोडे विकणारे तर त्यांच्याच देशाचे सैन्य होते, हे त्यांना कळत होते. कळूनही त्या काळच्या साहेबी घरात ते उघड बोलणारे किती निघाले असते?

तरीही एक गोष्ट नोंदवायला हवी. इंग्लंडमधून आलेला पैसा ‘आपल्या’ घोड्यांसाठी होता. त्याच गल्लीत, त्याच उन्हात ओझे वाहणारे मिसरी गाढव त्या पत्रात नव्हते. ज्याच्या पुठ्ठ्यावर बाणाचा डाग त्याच्यासाठी डोळ्यांत पाणी, आणि शेजारी उभ्या असलेल्याला काहीच नाही, असे ते सुरुवातीचे चित्र होते. ते बदलले १९३४ साली. लढाईतले घोडे संपत आले तेव्हा बाईंनी काम गुंडाळले नाही. कैरोच्या सैयदा झैनब भागात, गरीब वस्तीच्या मधोमध, ‘ओल्ड वॉर हॉर्स मेमोरियल हॉस्पिटल’ सुरू केले आणि दार सगळ्या कष्टकरी जनावरांना उघडले. घोडा असो, खेचर असो, गाढव असो, उपचार फुकट. नाव जुन्या घोड्यांचे राहिले, पण आत मिसरी शिंगरू आणि मिसरी गाढवे येऊ लागली. डोरोथी ब्रुक १९५५ मध्ये कैरोतच वारल्या. दवाखाना आजही चालू आहे, त्यांच्या नावाची संस्था भारतासह कितीतरी देशांत काम करते, आणि विटांच्या भट्ट्यांवर राबणारी घोडी-खेचरे-गाढवे हा तिच्या इथल्या कामाचा मोठा भाग आहे.

फुकट उपचार हे ऐकायला सोपे वाटते, पण त्यातली मेख टांगेवाल्यालाच कळते. जनावर दवाखान्यात राहिले की त्याची रोजची कमाई बुडते. म्हणून तो जखमेवर चिंधी बांधून दुसऱ्या दिवशीही गाडी काढतो. जखम चिघळते, घोडा कुचकामी होतो, आणि मग नवे जनावर घ्यायला कर्ज. हे चक्र दंड करून थांबत नाही. साज नीट बसवायला शिकवला, पट्ट्याखाली जाड कापडाची घडी घातली, नालबंदाला नाल बेताची ठोकायला शिकवली, अड्ड्यावर सावली आणि पाण्याचा हौद केला, तर निम्म्या जखमा होतच नाहीत. इंग्रज बाईचा दवाखाना मिसरी पशुवैद्यांनी, मोतद्दारांनी आणि नालबंदांनी चालवला, आणि शेवटी तो कायतबेच्या हौदापाशीच येऊन पोहोचला.

अलीकडची एक घटनाही सांगण्याजोगी आहे. २०११ च्या जानेवारीत मिसरमध्ये क्रांती झाली. २ फेब्रुवारीला पिरॅमिडच्या परिसरातले काही घोडेवाले आणि उंटवाले सरकारच्या बाजूने तहरीर चौकात घुसले आणि निदर्शकांवर चाल करून गेले. लोकांच्या मनात त्यांच्याविषयी संताप होता, आणि तो साहजिक होता. त्यानंतर पर्यटक यायचे थांबले. गिझाच्या पायथ्याशी शेकडो घोडे, एकेकाच्या दारात चार-पाच, आणि चंदीला पैसा नाही. घोडे उपासमारीने मरू लागले. तेव्हा ब्रुकचे लोक, मिसरी प्राणिमित्र संस्था आणि कैरोत राहणारे इंग्रज-अमेरिकन रहिवासी यांनी पोत्यापोत्यांनी वैरण नेऊन वाटली. ज्यांच्यावर राग होता त्यांच्याच दारात. कैरोची २००७ साली स्थापन झालेली ‘इजिप्शियन सोसायटी फॉर मर्सी टू अॅनिमल्स’ ही संस्था त्यात होती, ती मिसरी लोकांनीच उभी केलेली. मादी या उपनगरातल्या परदेशी बाया आणि मिसरी तरुण मुली एकाच टेंपोत बसून चंदी वाटायला जातात, हे लेनच्या काळापासून आजवर झालेले खरे अंतर आहे.

आता आखाताकडे वळू, कारण वाचकांचा प्रश्न तिथला आहे. तिथे ‘एक्स्पॅट’ म्हटले की डोळ्यांसमोर गोरा माणूस येतो. रत्नागिरीचा, श्रीवर्धनचा माणूस तीस वर्षे तिथेच राबला तरी तो कामगार. पण गेल्या वीस वर्षांत हळूच एक बदल झाला आहे. आपल्या मुली तिथे बँकेत आणि इस्पितळात नोकरीला आहेत, नातवंडे इंग्रजी शाळेत जातात, घरात आपसांत इंग्रजी बोलतात, आणि सोफ्यावर मांजर लोळत असते. म्हणजे इंग्रजी बोलणारे परदेशी रहिवासी आता आपणही झालो. तेव्हा मॅडमला जो प्रश्न विचारायचा तो आपल्या घरातही विचारावा लागेल.

परदेशातल्या बिऱ्हाडाचा पाया व्हिसावर असतो. नोकरी गेली की ठरावीक दिवसांत देश सोडायचा. शाळेतून मुलांची नावे काढा, भाड्याचा हिशोब करा, गाडी विका, सामान कार्गोला द्या. या धांदलीत मांजराचे काय? गोरी मॅडम असो की आपली भाची, कितीतरी वेळा उत्तर एकच निघते: इमारतीच्या मागच्या बाजूला सोडून द्यायचे, वॉचमन खायला घालीलच. सोफ्यावर वाढलेले, कधी उंदीर न पाहिलेले मांजर जुलैच्या उन्हात पार्किंगमध्ये. १९१९ साली सैन्याने जो हिशोब केला होता तोच हा, लहान आकाराचा. आणि तो वॉचमन, बहुधा आपल्यासारख्याच मुलखातून आलेला, महिन्याचा पगार घरी पाठवून उरलेल्यात स्वतःच्या ताटातले मासळीचे डोके त्या मांजराला देतो. त्याचे नाव कोणत्याही समितीत नसते. आम्हाला विचाराल तर आखातातला सर्वांत मोठा प्राणिमित्र तोच.

तिथल्या रस्त्यावर एखाद्या मांजराच्या कानाचे टोक कापलेले दिसले तर ती कोणाची क्रूरता समजू नये. भटक्या मांजराला पकडून, ऑपरेशन करून, लस टोचून पुन्हा त्याच जागी सोडले की ओळखीसाठी बेशुद्धीतच कानाचे टोक किंचित कापतात. हे काम करणाऱ्यांत परदेशी बाया पुष्कळ असतात, स्वतःच्या खिशातून पैसे घालतात, आणि पिंजऱ्यासाठी एखादी चादर मागितली तर द्यावी. हिवाळ्यात पहाटे गाडी सुरू करण्यापूर्वी बॉनेटवर एक थाप मारावी, ऊब शोधत मांजर आत शिरलेले असते.

ज्यांना परतताना मांजर किंवा पक्षी बरोबर आणायचा आहे त्यांनी शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबू नये. मांजराच्या बाबतीत सांगायचे तर मायक्रोचिप आधी बसवून घ्यावी, मग रेबीजची लस, आणि ही लस प्रवासापूर्वी निदान महिनाभर आधी टोचलेली लागते, म्हणून नोकरीची हूल उठताच दवाखाना गाठलेला बरा. निघण्याच्या आधी तिथल्या सरकारी पशुवैद्यकीय खात्याचा आरोग्य दाखला लागतो, आणि भारतात उतरण्यासाठी इथल्या प्राणी क्वारंटाइन कचेरीची आगाऊ परवानगी. अशी कचेरी मुंबईत आहे. कायमचे परतणाऱ्यांना दोन जनावरांपर्यंत मुभा मिळते. पक्ष्यांचे नियम वेगळे आणि जास्त कडक, तेव्हा पोपट घेण्याआधीच विचारून ठेवावे. विमानभाडे मांजराच्या मानाने भारी असते, बहुधा कार्गोनेच न्यावे लागते, आणि उन्हाळ्यात काही विमान कंपन्या जनावर घेतच नाहीत. ज्यांना हे झेपणार नाही त्यांनी तिथेच नवे घर शोधावे, त्यालाही दोन-तीन महिने सहज लागतात. लसीचे पुस्तक मुलांच्या पासपोर्टच्याच फाइलीत ठेवलेले बरे, म्हणजे व्हिसाचे कागद बघायला फाइल उघडली की तेही हाताला लागते.